कस्तुरावहिनीच्या सुलट फेऱ्या

आमच्या कस्तुरावहिनीला उलटी पडलेली चप्पल बघवत नाही. मग ती कुणाची का असेना. लग्नाच्या मांडवाबाहेर, ग्रामपंचायतीच्या पायरीशी, दवाखान्यात, जिथं म्हणून चप्पल उलटी दिसेल तिथं ती वाकणार, सुलटी करणार आणि मगच आत जाणार. एकदा ती माझ्याकडं लोणावळ्याला, तुंगार्लीत आली होती. शेजारच्या बंगल्यात सुट्टीला आलेल्या पाहुण्यांची गर्दी, व्हरांड्यात जोडांचा नुसता ढीग. वहिनी फाटकातून आत शिरली आणि सगळे जोड ओळीनं लावून आली. रखवालदाराला वाटलं, बाई चपला चोरायला आली. त्याची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली आणि ही शांतपणे म्हणते, "वन्सं, उलट्या चपलांनी घरात भांडनं व्हत्यात. त्यांचंच भलं केलं म्यां."

मी लोणावळ्यात प्राथमिक शाळेत शिकवते. माहेर परंदवडी. थोरला भाऊ बजरंग जवळच्याच एका कारखान्यात पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळात भातशेती बघतो. कस्तुराबाई ही त्याची बायको. नणंद असल्यानं भावजयीची उणीदुणी काढायचा माझा हक्क आहे आणि तो मी आजवर सोडलेला नाही. इथंही थोडाफार वापरणार आहे.

वहिनीचं माहेर खंडाळ्याचं. तिचे वडील एका मोठ्या बंगल्यावर माळी होते. मालक वर्षातून दोनदा यायचे, पण कधी येतील त्याचा नेम नसायचा. त्यामुळं घरातल्या सगळ्यांना बारा महिने एकच शिकवण होती, वस्तू जागच्या जागी आणि सुलटी पाहिजे. ती शिकवण घेऊन वहिनी आमच्या घरात आली आणि आमचं घर तिनं पार बदलून टाकलं. झाडू उभा ठेवायचा नाही, सूप उपडं ठेवायचं नाही, कोयता पात्याकडून हातात द्यायचा नाही. माझी आई, म्हणजे तिची सासू, सुरुवातीला कुरकुरली. पुढं पुढं तीच कोयता मुठीकडून पुढं करायला लागली.

कोमल तिची एकुलती एक मुलगी. कोमल वर्षा-दीड वर्षाची होती, तेव्हा भाताचा घास घ्यायला तिचा डावा हात आधी ताटात जायचा. वहिनीनं तिच्या डाव्या हाताला जेवणाच्या वेळी कापडी पिशवी बांधायला सुरुवात केली. पोर रडायची, निम्म्या जेवणावरून उठायची. "राहू दे गं, मोठी झाली की कळंल तिला," असं आई सांगून थकली. वहिनी ऐकणाऱ्यांतली नाही. शेवटी पोरगी उजव्या हातानं जेवायला लागली आणि शाळेत गेली तेव्हा पेन्सिलही तिनं उजव्याच हातात धरली. लेकीला कसं वळण लावलं हे वहिनी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची. पिशवीची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली की पुढं ती सगळेच विसरून गेलो.

कोमल हाडापेरानं बापावर गेली. आठवीत असताना ती धान्याचं पोतं एकटीनं उचलून ओट्यावर ठेवायची. सोमाटण्याच्या शाळेतले खेळाचे शिक्षक प्रदीप सर यांच्या हे नजरेत आलं. त्यांनी तिच्या हातात हातोडा दिला. ह्या खेळाला हातोडाफेक म्हणतात, पण त्यात हातोडा कुठंच नसतो. लोखंडी गोळा, त्याला जोडलेली लांब तार आणि तारेच्या टोकाला धरायला मूठ. मूठ दोन्ही हातांनी धरायची, गोळा डोक्याभोवती फिरवायचा, मग गोळ्याबरोबर आपणही टाचेवर तीन-चार गिरक्या घ्यायच्या आणि सोडून द्यायचा. वहिनीनं तो पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाली, "ह्याला हातोडा कोन म्हनतं? ह्यो तर विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ हाय."

हा खेळ शाळेच्या मैदानावर चालेना. एकदा गोळा भलतीकडं गेला आणि पाण्याच्या टाकीला भोक पडलं. मुख्याध्यापकांनी हात जोडले. आता अशी जागा हवी होती जिथं पायाखाली गुळगुळीत सिमेंट असेल, कारण मातीत गिरकी येत नाही, आणि पुढं मोकळं रान असेल. आमच्या शेताच्या कडेला भैरोबाचं छोटं देऊळ आहे. देवळापुढं उत्सवाच्या पंगतीसाठी सिमेंटचा कोबा केलेला. कोब्याच्या पुढं आमची भाताची खाचरं. दिवाळीनंतर भात कापून झालं की पावसाळ्यातल्या आवणीपर्यंत, म्हणजे रोपं लावेपर्यंत, ती रिकामीच. प्रदीप सरांनी जागा बघितली आणि खूश झाले. त्यांनी बांबू रोवले, जुनी जाळी बांधली, खडूनं वर्तुळ आखलं. पहिल्या दिवशी त्यांनी कोमलला गिरकी करून दाखवली आणि नेमकी त्याच वेळी वहिनी नैवेद्याचं ताट घेऊन देवळात आली.

गिरकी होती डावीकडून. घड्याळाचा काटा फिरतो त्याच्या उलटी. जगातले बहुतेक सगळे हातोडाफेक करणारे तशीच घेतात.

"थांबा," वहिनी म्हणाली. ताट खाली न ठेवता ती कोब्यावर आली. "सर, हे काय चाललंय? देवाच्या दारात उलटं फिरत्यात व्हय?"

सरांनी समजावलं की ही प्रदक्षिणा नाही, खेळ आहे. मोबाईल काढून त्यांनी परदेशातल्या बायका फेकताना दाखवल्या. वहिनीनं नीट बघितलं, कारण ती न बघता बोलणारी नाही.

"त्या तितं कुटं भैरोबा हाय?" तिनं विचारलं. "हितं हाय. फिरायचं असंल तर सुलटं फिरा. न्हाईतर गोळा घेऊन दुसरीकडं जा. खेळाला आमची ना न्हाई."

सर पेचात पडले. दुसरी जागा नव्हती. त्यांना आठवलं की डावखुरे खेळाडू उजवीकडून फिरतात, म्हणजे नियमात ते बसतं. नवशिक्याला काय, दोन्ही बाजू सारख्याच अवघड. त्यांनी कोमलला सांगितलं, बरं बाई, तू सुलटी फीर. कोमल फिरली. पडली नाही, अडखळली नाही. सर म्हणाले, "अरे, हिला तर पहिल्याच दिवशी जमलं." वहिनीनं देवाला नैवेद्य दाखवला आणि विषय संपला.

तिथून पुढं वहिनीला एक नवं काम लागलं. फेकलेला गोळा परत आणायचा. फेकणारीनं दर वेळी खाचरात जाऊन गोळा आणायचा म्हटलं तर निम्मी ताकद चालण्यातच जाते. प्रदीप सर तारेकडं, पायाकडं बघत उभे. मग जाणार कोण? वहिनी जायची. हातात विळा घेऊनच जायची, म्हणजे येताना बांधावरचं गवतही कापून व्हायचं. एका हातात तारेला लोंबणारा गोळा, डोक्यावर गवताचा भारा, अशी ती परत यायची. गोळा पडून पडून खाचरात खड्डे झाले. बजरंगदादा कटकट करायचा, "लेकीनं रानाची पार चाळन केली." वहिनी म्हणायची, "करू द्या. पावसाळ्यात त्येच्यात खेकडी घावत्यात, ती खाताना न्हाई कटकट करत." ते खरंच होतं. सगळ्यात जास्त खेकडे दादाच खायचा.

कोमल तालुक्याला पहिली आली, जिल्ह्याला आली, राज्याला आली. कॉलेजात असताना तिची राष्ट्रीय शिबिरात निवड झाली. परंदवडीच्या चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर कोमलचा फोटो लहान आणि लावणाऱ्यांचे मोठे, ते सोडून द्या. पोरगी गेली, घर सुनं झालं आणि दोन महिन्यांनी शिबिरातल्या सरांचा दादाला फोन आला. मी तेव्हा भाऊबीजेला आलेली होते. दादाचं हिंदी कारखान्यापुरतं, म्हणून फोन माझ्याकडं दिला.

सर सभ्य माणूस होते. त्यांनी विचारलं, हिला असं उजवीकडून फिरायला कुणी शिकवलं? ही बाजू डावखुऱ्यांची. तुमची मुलगी तर उजव्या हाताची आहे, मी तिला स्वतः विचारलं. उजव्या हाताच्या माणसानं डावीकडून फिरलं की हाताचा सगळा जोर गोळ्याच्या मागं येतो. हिची ताकद वाया चालली आहे. आम्ही तिला बदलतोय, पण इतक्या वर्षांची सवय मोडायला वेळ लागेल आणि तोवर अंतर कमी होईल. घरच्यांनी धीर धरावा.

बोलण्यात चूक काहीच नव्हती. मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं आणि सांगून झाल्यावर वहिनीकडं बघितलं. ती करंज्या भरत होती. हातातली करंजी तिनं तशीच उघडी ताटात ठेवली.

"म्हंजे म्या घोळ घातला," ती म्हणाली.

दादा म्हणाला, "तसं न्हाई म्हनत त्यो."

"तसंच म्हनतोय. पोरीची ताकद वाया गेली म्हनतोय. भैरोबापाशी म्याच अडवली हुती ना तिला?"

मी वहिनीला आयुष्यात पुष्कळ टोमणे मारले, पण त्या दिवशी एकही सुचला नाही. मला तिची कीव आली आणि रागही आला. तुझं ते उलटं-सुलटं लेकीच्या पायात आलं, असं ओठांवर आलेलं मी गिळलं. तिनं उरलेल्या करंज्या भरल्या, तळल्या, डब्यात ठेवल्या. एकही करंजी फुटली नाही. वहिनीची करंजी फुटतच नाही.

कोमल सुट्टीला घरी आली तेव्हा वहिनी तिला घेऊन कोब्यावर गेली आणि म्हणाली, "फीर."

"कशी?"

"सर सांगत्यात तशी. उलटी."

"आन भैरोबा?"

"त्याच्याशी माझं मी बघते. तू फीर."

कोमलनं उलट्या चार गिरक्या घेतल्या आणि गोळा सोडला. गोळा कसाबसा पहिल्या बांधापर्यंत गेला. वहिनी खाचरात गेली, गोळा आणला, लेकीच्या पायाशी ठेवला. मग पदर खोचला आणि देवळाला चार सुलट्या फेऱ्या घातल्या. हा तिचा हिशेब होता. लेकीची एक उलटी गिरकी, आईची एक सुलटी फेरी. देवाकडं बाकी राहायला नको.

गावात ह्याची चेष्टा झाली नसती तर नवल. देवळापुढनं जाणारा सोपान दूधवाला ओरडून विचारायचा, "मावशी, मीटर बसवू का?" दादा म्हणायचा, "गोळा आनायला खाचरात जायचं, आल्यावर देवाभवती फिरायचं. बाई, तुजं आर्धं आयुष्य चालन्यात गेलं." वहिनी हसायची, पण फेरी चुकवायची नाही. कोमल शिबिरात परत गेली तरी हे थांबलं नाही. रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, आज किती वेळा फेकलंस? कोमल सांगायची आणि ही देवळाकडं निघायची. गुडघे सुजले. मी लोणावळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं, तर ते म्हणाले चालणं कमी करा. तिनं औषधं घेतली आणि चालणं होतं तसंच ठेवलं. पुढं कोमलनंच मला सांगितलं, "आत्या, मी आईला आकडा निम्मा करून सांगते. आजारी पडंल ती." लेक आईशी खोटं बोलत होती आणि त्या खोट्याचं मला कौतुक वाटलं.

दीड वर्ष हे चाललं. कोमलचं अंतर वाढलं नाही. बाजू बदलली, पण पाय गिरकीत अडखळायचे, गोळा सुटायला उशीर व्हायचा. शिबिरात दुसऱ्या मुली पुढं गेल्या आणि तिला परत पाठवलं. परत आली ती गप्प. आठवडाभरानं प्रदीप सरांनी तिला कोब्यावर बोलावलं आणि सांगितलं, आता आपण पूर्वीसारखंच फेकू, जे होईल ते होईल. ती सुलटी फिरली आणि गोळा तिसऱ्या बांधाच्या पलीकडं जाऊन पडला. वहिनीनं तो आणला, पण तिच्या तोंडावर आनंद नव्हता. रात्री मला म्हणाली, "वन्सं, ही वाट बी म्याच लावली. आता ती ना हिकडची ना तिकडची." मी म्हटलं, अगं, गोळा लांब गेला ना? ती म्हणाली, "नीट शिकली असती तर आनखी लांब गेला असता."

त्या वर्षी आशियातल्या देशांची मैदानी स्पर्धा पुण्यात होती. यजमान म्हणून आपल्याला बायकांच्या हातोडाफेकीत एक जागा जास्त मिळाली आणि ती कोमलला मिळाली. निवड करणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पहिल्या आठांत आली तर शिबिराचं दार पुन्हा उघडेल, ह्या वेळी तिच्याच बाजूनं फेकायची मुभा देऊन. नाही आली तर पुन्हा विचार होणार नाही. वय वाढत होतं. पुन्हा अशी संधी येणार नव्हती हे घरात सगळ्यांना कळत होतं.

आम्ही टेम्पो करून गेलो. दादा, वहिनी, प्रदीप सर, मी आणि मागं गावातली पोरं. वहिनीनं पहाटे उठून इंद्रायणी तांदळाच्या पिठाच्या भाकरी, मेथी आणि मिरचीचा ठेचा केला होता. भैरोबाला नारळ फोडून खोबरं-गुळाचा प्रसाद पुडीत बांधून कमरेला खोचला होता. मैदानावर आम्हाला हातोड्याच्या पिंजऱ्याजवळची जागा मिळाली. पिंजरा म्हणजे उंच जाळी, आमच्या बांबूंच्या जाळीची थोरली बहीण. पण एक गोष्ट वेगळी होती. पिंजऱ्याच्या तोंडाला दोन्ही बाजूंना जाळीची दोन दारं होती. प्रदीप सरांनी वहिनीला समजावलं, डावीकडून फिरणाऱ्यांसाठी एका बाजूचं दार पुढं ओढतात, उजवीकडून फिरणाऱ्यांसाठी दुसऱ्या बाजूचं. गोळा ज्या बाजूनं सुटतो ती मोकळी पाहिजे.

"उजवीकडनं फिरनाऱ्या किती हायेत?" वहिनीनं विचारलं.

"आपली एकटीच."

फेकून झालेला गोळा तिकडं एक छोटी, रिमोटवर चालणारी गाडी परत आणत होती. मी म्हटलं, "वहिनी, बघ, तुझी नोकरी गेली." एरवी तिनं मला सोडलं नसतं. त्या दिवशी तिनं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही.

प्रत्येकीला आधी तीन फेकी, मग पहिल्या आठ जणींना आणखी तीन. कोमलचा नंबर आला. ती वर्तुळात आली, थांबली, पिंजऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. दार हलवलेलं नव्हतं. मदतीला उभी असलेली पोरं गप्पांत होती, अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. प्रदीप सर उठून ओरडले, पण मैदानावर गोंगाट इतका की त्यांचा आवाज माझ्यापर्यंतच धड पोचला नाही. कोमल क्षणभर अधिकाऱ्यांकडं बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि फिरली. चार गिरक्या, आणि गोळा सरळ ओढलेल्या दाराच्या जाळीत. धपकन खाली पडला. लाल झेंडा, म्हणजे फेक बाद.

मला इतका राग आला की मी उभी राहून काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वहिनी मात्र बसूनच होती. "तिची चूक न्हाई," ती म्हणाली. "आमच्या घरची पोर. दुसऱ्यांना खोळंबा नगं म्हनून न्हाई बोलली. आन खोळंबा तरी कशापायी? माझ्यापायी."

दुसऱ्या वेळी त्यांनी दार हलवलं, पण कोमल बिचकली होती. गोळा पडला तो दहाव्या नंबरावर. आता एकच फेक उरली होती.

तिसऱ्या वेळी नाव पुकारलं आणि दार पुन्हा जुन्याच बाजूला. ह्या वेळी कोमल वर्तुळात शिरलीच नाही. गोळा जमिनीवर ठेवून ती पिंजऱ्याच्या तोंडाशी गेली आणि डावा हात वर करून दाराकडं बोट दाखवत उभी राहिली. तिकडं तिच्या वेळेचं घड्याळ सुरू झालेलं, वेळ संपली की फेक बाद. एका अधिकाऱ्यानं हातानं खूण केली, फेका, फेका. ती हलली नाही. दुसरा जवळ आला, काही बोलला. ती नुसती दाराकडं बोट दाखवत राहिली. लांब उडीच्या बाजूचे लोकही बघायला लागले. दादानं कपाळाला हात लावला. वहिनीनं माझा दंड धरला तो इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होता.

"सगळ्यांना थांबवलं की गं तिनं," वहिनी म्हणाली.

"थांबू दे," मी म्हटलं. "झक मारत थांबतील."

अखेर एक वयस्कर अधिकारी आले. त्यांनी दाराकडं बघितलं, कोमलकडं बघितलं, मान हलवली. पोरं धावली. एक दार मागं गेलं, दुसरं पुढं आलं. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावलं. कोमलनं गोळा उचलला, मुठीवरून हात फिरवला आणि सुलट्या चार गिरक्या घेऊन सोडला. गोळा जाताना तारेचा आवाज आमच्यापर्यंत आला. तो इतका लांब पडला की मला तो पडताना दिसला नाही, लोकांच्या आवाजावरून कळलं. फलकावर तिचं नाव सातवं आलं.

पुढच्या तीन फेकींत ती आणखी वर गेली नाही. सातवी राहिली. पदक नाही, राष्ट्रगीत नाही, वर्तमानपत्रात दोन ओळी. पण शिबिराचं दार उघडलं होतं. प्रदीप सर रुमालानं डोळे पुसत होते आणि घाम आला म्हणत होते.

सगळं आटोपून कोमल आम्हाला टेम्पोपाशी भेटली. शेवटच्या फेकीत हातमोजा फाटून तिच्या उजव्या तळव्याचं कातडं निघालं होतं, त्यावर पट्टी. चेहरा दमलेला, पण डोळे हसरे. "आई, भूक," एवढंच म्हणाली. टेम्पोच्या मागच्या फळीवर वहिनीनं डबा उघडला. भाकरी काढली, मेथी वाढली, ठेचा ठेवला. "थांब, म्या भरवते, हाताला लागलंय," म्हणून ती घास करायला लागली, तोवर कोमलनं डाव्या हातानं भाकरी मोडली, मेथी गुंडाळली आणि खायला सुरुवात केलीसुद्धा.

ती जेवत होती आणि आम्ही बघत होतो. मेथीचं एक पान सांडलं नाही, एक तुकडा सुटला नाही. ठेच्याची किनार लावून भाकरीचा तुकडा अलगद तोंडात. दुखऱ्या हाताऐवजी दुसरा हात वापरणारं माणूस असं जेवत नाही. मी वहिनीकडं बघितलं. तिचा घास हातातच राहिला होता.

"डाव्या हातानं चांगलं जेवतीस की," ती म्हणाली.

कोमल थांबली. भाकरी ताटात ठेवायला लागली, लहानपणी ठेवायची तशी.

"ठेवू नगं. कधीपासनं?"

"पयल्यापासनं," कोमल खालच्या आवाजात म्हणाली. "तू नसलीस की."

टेम्पोत मागं पोरं गाणी लावून नाचत होती. मी कोमलला विचारलं, "अगं, मग शिबिरात सरांनी विचारलं तेव्हा उजवी का सांगितलंस?"

"आत्या, मला वाटलं ती खोड हाय. खोड कोन सांगतं का? कुनी इचारलं की तोंडातनं उजवीच येतं. त्या दीड वर्षात पाय अडखळायला लागलं तवा वाटायचं, सांगावं. मग आईच्या फेऱ्या आठवायच्या आन वाटायचं, माझ्या खोडीपायी एवढी चालली ती, आता कुटं सांगू." मग आईकडं बघून म्हणाली, "मला सुलटंच जमतं, आई. भैरोबाच्या दारात पयल्या दिवशीच कळलं हुतं मला."

देवळाच्या त्या सगळ्या फेऱ्या, सुजलेले गुडघे, दिवाळीतली ती उघडी राहिलेली करंजी, हे सगळं वहिनीच्या डोळ्यांपुढून जात असणार. पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला आठवत होती ती कापडी पिशवी. मला कळलं, कारण ती कोमलच्या डाव्या मनगटाकडं बघत होती, जिथं पिशवीची नाडी बांधायची तिथं. मग तिचे डोळे भरले आणि तिनं ते पुसले नाहीत.

तिनं कमरेची पुडी काढली. भैरोबाचा प्रसाद. कोमलनं सवयीनं उजवा हात पुढं केला, पट्टी बांधलेला. डाव्या हातावर प्रसाद घेत नाहीत हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि वहिनीच्या घरात तर त्यावर फटका मिळतो.

"त्यो न्हाई," वहिनी म्हणाली. "दुसरा कर."

कोमल बघत राहिली. वहिनीनं स्वतःच तिचा डावा हात धरला, तळवा वर केला, पदरानं मेथीचं तेल पुसलं आणि खोबरं-गूळ त्या हातावर ठेवला.